बाई, तुम्ही तिला आधी विचारलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि गल्ली कुठं लिहायची नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं 'बाई' लिहितो. तुमच्या हाताखालून गेलेली सोलापूरची पोरं ओळखतीलच. खरं तर पत्र हातात देता आलं असतं. पण तुमच्यासमोर उभा राहिलो की 'बरंय बाई, येतो' यापुढं माझ्या तोंडून काही निघत नाही. आणि हे चार लोकांनी वाचावं असंही मनापासून वाटतं.

गेल्या पावसाळ्यात लेकीला वर्गात उलटी झाली. दहा वर्षांची पोर. सकाळची शाळा, घाईघाईत दूध-चपाती खाऊन गेलेली. तिच्या शिक्षिकेनं नाकाला पदर लावला, अख्ख्या वर्गाला व्हरांड्यात काढलं आणि तिलाच पुसायला लावलं. फडकंसुद्धा दिलं नाही. डब्याखाली अंथरायचा टेरीचा नॅपकिन होता, मीच कारखान्यातून आणलेला, त्यानं तिनं फरशी पुसली आणि दारात उभा राहून सगळा वर्ग बघत होता. तो नॅपकिन ती घरी घेऊन आलीच नाही. त्या दिवसापासून तिचं नाव 'ओकारी' पडलं.

मी शाळेत जाऊन विचारलं तर 'सकाळी जड खायला देत जाऊ नका' एवढंच उत्तर मिळालं. पुढं तिनं डबा खाणं बंद केलं. मग शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात काही नाही. एका नावाजलेल्या शिकवणीत घातली, फी भरली. तिथं पचनसंस्थेचा तक्ता पाठ करून घ्यायचे: मुख, अन्ननलिका, जठर, लहान आतडं. लेकीला तो घडाघडा येत होता. पण ते नाव तिथंही पोचलं आणि पोरं हसली तेव्हा शिकवणारे सरही हसले. त्या दिवशी ती सायकल हातात धरून चालत घरी आली. ज्या माणसाला जठरात काय चालतं ते ठाऊक आहे, त्याला उलटी झालेल्या पोरीचं हसू कसं येतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या गच्चीवरच्या रविवारच्या प्रयोगांबद्दल शेजारच्या मुलानं सांगितलं. 'काका, तिथं शेंबूड बनवतात,' म्हणाला. मला वाटलं, ही पोरगी तर पहिल्या दिवशीच पळून येईल. पण पहिल्या रविवारी तुम्ही आदल्या रात्री चिरून पाण्यात भिजत घातलेली भेंडी बाहेर काढलीत आणि तिची तार हातभर ओढून दाखवलीत. शेंबूड असा का ताणतो, धूळ आणि जंतू त्यात कसे अडकतात, आणि अगदी तसाच चिकट थर जठराच्या आतून असतो म्हणून तिथलं आम्ल जठरालाच जाळत नाही, हे तुम्ही त्या तारेवरून सांगितलंत. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी सगळी घरं. गच्चीवर सगळी पोरं एका सुरात 'छी' ओरडली. तिन्ही भाषांत शब्द एकच!

बोकडाची फुफ्फुसं आणली त्या दिवशी ज्यांच्या घरी चालत नाही त्या मुलांना तुम्ही आधीच विचारून वेगळ्या कामाला बसवलंत. बाकीच्यांनी सायकलच्या पंपानं हवा भरली आणि ती गुलाबी फुफ्फुसं फुगून टपोरी झाली, हे लेक घरी आठ दिवस सांगत होती. मऊ भाकरी ओलसर करून एका बरणीत आणि कडक भाकरी दुसऱ्या बरणीत, झाकण न उघडता रोज बघायचं, हा प्रयोग तर तिच्या आईनंही केला. मऊ भाकरीवर काळी-हिरवी लव चढली, कडक भाकरी तशीच्या तशी. बुरशीला पाणी लागतं आणि कडक भाकरीत ते नसतं. आमच्या आज्या ती डब्यात भरून महिनाभर ठेवायच्या, त्यामागं हे आहे, एवढं साधं मला चाळिशीत समजलं.

पण मला लिहायचंय ते चौथ्या रविवारबद्दल.

त्या दिवशी तुम्ही खोटी उलटी बनवत होतात. कुस्करलेली भाकरी, दूध, वर लिंबाचा रस. दूध फाटलं, गुठळ्या झाल्या, वास सुटला. मी लेकीला न्यायला लवकर आलो होतो, जिन्यात उभा होतो. ती तोंडावर हात धरून उठली आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत तिला खरोखरची उलटी झाली. तुमच्या पायांवर, साडीच्या काठावर. पोरं गप्प झाली. मला वाटलं, संपलं आता सगळं.

तुम्ही खाली बसलात. डावा हात तिच्या पाठीवर, उजव्या हातानं तिचं कपाळ धरलंत. उलटी होताना माझी आई धरायची तसं, तळवा पूर्ण टेकवून. ती थांबेपर्यंत धरून ठेवलंत. साडीकडं पाहिलंसुद्धा नाही. पाणी दिलंत, चूळ भरायला लावली. आणि मग तुम्ही जे विचारलंत ते शब्दही मला पाठ आहेत:

"हे तुझं आहे. मी यात लिटमसचा कागद बुडवू का? तू नको म्हणालीस तर नाही बुडवणार."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. तिनं मान हलवली. तुम्ही चिमट्यात निळा कागद धरून बुडवलात, तो लाल झाला, म्हणजे आम्ल आहे. लिंबाच्या रसात लाल झालेला कागद तुम्ही त्याच्या शेजारी ठेवलात. "ही आपण बनवलेली, आणि ही हिच्या जठरानं बनवलेली. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आपल्या लिंबापेक्षा जोरकस. वहीत लिहा." पोरं वाकून वाकून बघत होती. कुणी हसलं नाही. एकानं तर विचारलं, मला पण बघू देशील का? तो तिला विचारत होता, तुम्हाला नाही.

नंतर फरशी तुम्ही स्वतः धुतलीत, मला बादली उचलू दिली नाहीत. पोरांना साबणानं हात धुवायला रांगेत उभं केलंत. ते सगळं आहेच. पण माझं मन त्या 'बुडवू का'पाशी थांबतं. त्या शाळेत तिच्या अंगातून बाहेर पडलेल्या गोष्टीवर तिच्याशिवाय सगळ्यांचा अधिकार होता. तुम्ही तो तिला परत दिलात, तोही सहज, रोजचं काम असल्यासारखा.

त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही त्या माणसाची गोष्ट सांगितलीत. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कामगाराच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. विल्यम बोमाँट नावाचा लष्करी डॉक्टर रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा, ठरावीक वेळानं ओढून बघायचा. अन्न रसानं पचतं, हे त्यानं असं डोळ्यांनी बघितलं आणि १८३३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. बाकीची पोरं 'ईऽऽ' करत असताना आमच्या लेकीनं विचारलं, "त्याला विचारलं होतं का?"

तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. मग सांगितलंत की पुढं करारावर त्याची सही घेतली होती, पण तो गरीब होता, डॉक्टरच्याच आसऱ्याला होता, आणि मधेच सगळं सोडून गावी निघूनही गेला होता. तो मेल्यावर डॉक्टरांनी शरीर नेऊ नये म्हणून घरच्यांनी ते सडू दिलं आणि मगच पुरलं. लेक त्या रात्री जेवताना हेच बोलत होती. जेवताना, बाई! आणि पोटभर जेवली.

आता माझ्यापुरतं एक. मी एकोणीस वर्षं टॉवेलच्या प्रोसेसला आहे. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला पिष्टाची खळ देतात, आणि टॉवेलनं पाणी टिपावं म्हणून नंतर ती उतरवावी लागते. त्यासाठी गरम पाण्यात एन्झाइम ओततो तो मी. खळ उतरली की नाही बघायला कापडावर आयोडिनचा थेंब टाकतो, निळा डाग पडला की अजून आहे. हे हजारदा केलंय. आणि एका रविवारी तुमच्या गच्चीवर लेक दोन कपांत पातळ पेज घेऊन बसली होती. एका कपात ती थुंकली, कप मुठीत धरून पंधरा मिनिटं ऊब दिली, मग दोन्हींत आयोडिन टाकलं. एक कप निळा-काळा, दुसरा नुसता तांबूस. "बाबा, थुंकीत अमायलेज असतं, ते पिष्ट तोडतं," ती मला सांगत होती. मला आमच्या एन्झाइमच्या डब्यावरचं नाव आठवलं, तेच. आमच्या कारखान्यात येतं ते जिवाणूंपासून काढलेलं, पण जातीनं तेच. जे मी पिंपातून ओततो ते माझ्या तोंडात दिवसाला लिटरभर लाळेतून तयार होतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तिथंच तिला खळीचं सगळं समजावलं. पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल तिनं मला इतके प्रश्न विचारले.

आता ती शाळेत जाते. शाळा बदलली आम्ही. डबा खाते. मागच्या महिन्यात तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या नाकातून रक्त आलं, तर ही रुमाल घेऊन पुढं गेली आणि आधी विचारलं, "धरू का?" तिच्या नव्या बाईंनी हे आम्हाला सांगितलं.

शिकलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत, पदव्या पाटीवर लावलेली. कुणाचं घाणेरडं झालेलं अंग हातात धरणारी थोडी. तुम्ही पैसे घेत नाही, लिटमस आणि आयोडिनसुद्धा पेन्शनमधून आणता, हे पोरांकडून कळलं. मी काही मोठं देऊ शकत नाही. पण या रविवारी लाळेचा प्रयोग नव्या पोरांसाठी पुन्हा आहे असं लेक म्हणाली. पेज शिजवू नका. कारखान्यातली औषधं मिसळलेली नको, म्हणून नुसत्या मक्याच्या स्टार्चची खळ मी घरी शिजवून आणतो, मागाला देतात तशी. घट्ट हवी की पातळ, आणि किती पोरं आहेत, तेवढं लेकीकडं सांगून ठेवा.

तुमचा,
तिचा बाबा