आधी रिंगांचं बोल

कराड, रविवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी बोलायला लागलो की तुझी मीटिंग निघते, म्हणून लिहितोय. काल साइटवर जाऊन आलो. शुक्रवारी स्लॅब भरायचा म्हणतात आणि तू कॉन्ट्रॅक्टरशी बोलत नाहीस. जावईबापूंच्या मार्फत निरोप जातायत. हे बरं नाही.

खिडकीचं तुझं म्हणणं खोटं नाही. नकाशात चार फूट, झाली तीन फूट. पण ती जरा डावीकडे घ्या, असं तू परस्पर मिस्त्रीला सांगितलंस. कॉलम आड आला, त्याने फूटभर कापली. कॉन्ट्रॅक्टरला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तू ग्रुपवर, प्लंबर-सुपरवायझर सगळ्यांदेखत 'लुबाडणूक' म्हणून मोकळी झालीस. त्याने ग्रुप सोडला. माणूस तोंडाळ आहे, एक्स्ट्राची बिलं लावण्यात पटाईत आहे, मान्य. पण विटा बऱ्या आणतो आणि मजुरांचा पगार थकवत नाही. मी तिथे नुसता चहा प्यायला जात नाही.

बदल असेल तो त्याला एकट्याला सांगावा. फोन झाला की त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवाव्यात, काय ठरलं आणि किती वाढणार. तोडफोडीआधी दर ठरवावा. हप्ता अडवायचाच तर करारातल्या टप्प्यावर अडवावा, रागाच्या भरात नाही. मामाच्या फ्लॅटच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंयस... झालं, लागलं माझं सुरू. रागावू नकोस. ऑफिसात चाळीस माणसं सांभाळतेस, तुला मी काय शिकवणार.

पण शुक्रवारच्या आत त्याच्याशी बोल.

बीमच्या उभ्या-आडव्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा पाहिल्या मी. टोकं काटकोनात वळवून सोडलीत. ती 135 अंशांत, आत पोटात वळलेली हवीत. भूकंपात बीम हलला की बाहेरचा काँक्रीटचा थर सुटतो, काटकोनातली टोकं उघडतात, आणि मग सळया धरून ठेवायला काही उरत नाही. कॉलमच्या रिंगा बरोबर होत्या, तेव्हा आरसीसीवाले साहेब, सांगाड्याचे इंजिनिअर, स्वतः आले होते. आता फिटर बदललाय. त्याला म्हणालो तर म्हणतो, "मॅडमना शेठशी बोलू द्या." चुकीचं नाही त्याचं. शुक्रवारी दुपारपर्यंत हे सगळं काँक्रीटखाली जाणार, मग कोण बघतंय.

तू म्हणशील, निघालं बाबांचं कोयना पुराण. निघालंच. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून गेलेले. पाटणच्या घराची मातीची भिंत माझ्या पायथ्याशी बसली. भाऊंनी मला घोंगडीसकट उचलून अंगणात आणून टाकलं, तेव्हा कुठे मी नीट जागा झालो. तो हिवाळा गोठ्याशेजारी मांडवात काढला. पुढे कित्येक वर्षं आजी रात्री दाराला आतून कडी घालू द्यायची नाही. चोर परवडला म्हणायची. आत्याचं अजून तेच.

तुला घाबरवायचं नाहीये. काल शेजारच्या प्लॉटवाल्याने विचारलं, बंगला कुणाचा? म्हटलं, लेकीचा. जावयाचा मुद्दाम नाही म्हटलं. (हे जावईबापूंना सांगू नकोस.)

स्लॅबनंतर आळी बांधून पाणी साठवायचं काम माझ्याकडे. एप्रिलचं ऊन आहे, चौदा दिवस स्लॅब सुकू देणार नाही. मिक्सरपाशीही उभा राहीन. माल ओतायला सोपा जावा म्हणून हे लोक पाणी वाढवतात, पन्नास किलोच्या पोत्याला तीसेक लिटरच्या वर नको. तेवढं मला जमतं. रिंगांचं मात्र मी सांगितलं तर तो "हो काका" म्हणेल आणि करणार नाही. करार तुझ्याशी आहे.

आरसीसीवाल्यांना गुरुवारी सळई तपासायला बोलाव आणि साइटच्या वहीत त्यांची सही घे. नाही जमलं तर स्लॅब सोमवारी होऊ दे. मिक्सर दुसरीकडे गेला तर जाऊ दे, भाडं मी देईन.

आईने मेतकूट पाठवलंय. वेळेवर जेवत जा.

तुझे
बाबा

ता. क. फोन केलास की खिडकीचं आधी काढू नकोस. आधी रिंगा. लागला फोन की कळव, रात्री उशीर झाला तरी.