माळा थंडच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशस्थ वाचकांच्या पानावर आपण ब्रिटनमधील हिवाळा आणि गॅसची बिले यांवर लेख छापला. बॉयलरचे तापमान, जाड पडदे, दुहेरी काचेच्या खिडक्या हे सगळे त्यात आले, पण डोक्यावरचा माळा राहून गेला. उतरत्या छपराच्या ब्रिटिश घरात माळ्यावर काहीच अंथरलेले नसेल तर घरातली साधारण पाव उष्णता छपरावाटे जाते. हॅरो, स्लाउ, लेस्टरकडे आपल्या अनेक मंडळींनी जुनी घरे घेतली आहेत. नव्या बॉयलरसाठी हजारो पौंड मोजण्याआधी त्यांनी एकदा शिडी लावून वर डोकवावे, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण या कामात अर्धवट माहिती महागात पडते.

आधी थोडा हिशेब. माळा ४० चौरस मीटरचा, घरात २० अंश आणि बाहेर शून्य, असे धरू. छताच्या प्लास्टरबोर्डवर, म्हणजे खोलीचे छत ज्याचे असते त्या पातळ जिप्सम-तक्त्यावर, काहीच नसेल तर सुमारे १८०० वॉट उष्णता सतत वर जाते. १०० मिलिमीटर जाडीची मिनरल वूल, म्हणजे काचेची किंवा दगडाची लोकर, अंथरली की हा आकडा ३२० च्या घरात येतो. २७० मिलिमीटर घातली तर १३० च्या आसपास. सध्या तिथे हीच जाडी योग्य मानतात. आता या ४० चौरस मीटरपैकी फक्त दोन चौरस मीटर उघडे राहिले असे समजा, कुठे टाकीमागे, कुठे कोपऱ्यात. लगेच १३० चे २१० होतात. म्हणून जाडीवरून घासाघीस करण्यापेक्षा लोकर सलग बसली आहे का, हे पाहणे जास्त मोलाचे.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते. लोकर छताच्या तुळयांवर अंथरली की उष्णता खालीच राहते आणि माळा पूर्वीपेक्षा थंड होतो. काम नीट झाल्याची ती खूणच आहे. माळ्यावर गेल्यावर उबदार वाटले तर ती ऊब तुमच्या पैशांची आहे. मात्र माळा थंड झाला की त्याचे दोन परिणाम सांभाळावे लागतात: तिथे दव धरते आणि तिथले पाणी गोठते. या कामात जे जे बिघडते त्यातले बहुतेक या दोहोंपैकी एकामुळे.

दवाचे आधी. २० अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतले पाणी १२ अंशांना सुटू लागते. जानेवारीत कौलांखालचे फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारा जाड कापडासारखा थर, दोन-तीन अंशांवर असते. खालून दमट हवा वर गेली की फेल्टवर आणि वाशांवर थेंब धरतात, ते लोकरीवर गळतात आणि लाकडावर काळी बुरशी चढते. आपल्या घरांत हा धोका अंमळ जास्तच. कुकरच्या शिट्ट्या, मोठ्या पातेल्यात उकळणारी आमटी, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, त्यात थंडीच्या भीतीने बंद ठेवलेल्या खिडक्या. तेव्हा लोकरीची एकही गुंडाळी उघडण्याआधी छताची भोके बुजवा. पाइप आणि वायरी जिथून वर येतात तिथल्या फटी, भिंतीची वरची कड, आतल्या भिंतींचे पोकळ माथे हे सगळे कॉक (फटी बुजवायची लवचिक लुकण) किंवा फोमने बंद करा. मात्र गरम बॉयलरच्या किंवा शेगडीच्या धुराड्याला फोम लावायचा नाही. या कामाला दुपार जाते, खर्च जवळजवळ नाही, आणि ठेकेदार नेमके हेच टाळतात, कारण लोकर पडल्यावर ते कुणाला दिसत नाही.

बाथरूमचा पंखा स्वतंत्रपणे तपासा. नियमाप्रमाणे तो सेकंदाला १५ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला ५४ घनमीटर. बऱ्याचदा त्याचा हवा बाहेर नेणारा नळ छपराबाहेर न नेता माळ्यातच सोडून दिलेला असतो, किंवा वळचणीपाशी नुसता ठेवलेला असतो. अशा माळ्यावर कितीही चांगली लोकर टाका, दोन हिवाळ्यांत ती भिजणार. नळ कौलाच्या किंवा भिंतीच्या जाळीपर्यंत न्यावा, त्याला लोकरीचे आवरण घालावे आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा. लवचिक नळ मध्ये झोळ खाऊन लोंबत असेल तर त्या झोळात पाणी साठते आणि एक दिवस पंख्यातून बाथरूममध्ये टपकते. लोक छप्पर गळते म्हणून कौलवाल्याला बोलावतात.

ओलावा बाहेर जाण्याची वाट म्हणजे वळचण. तिथे छपराच्या कडेने वारा आत येतो आणि माळ्यातून वाहतो. लोकर पार कडेपर्यंत कोंबली तर ही वाट बंद होते. अगदी सर्रास होणारी चूक आहे ही; घर गरम ठेवण्याच्या उत्साहात कोंबून भरतात. फेल्ट आणि लोकर यांच्यात ५० मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. वाशांच्या मधे बसणारे प्लास्टिकचे पन्हाळीसारखे तक्ते मिळतात, ते आधी बसवावेत. मग लोकर भिंतीच्या माथ्यावर पोहोचेल एवढी पुढे सरकवता येते आणि हवाही चालू राहते. भिंतीचा माथा उघडा ठेवला तर खोलीच्या वरच्या कोपऱ्यात बुरशीची रेघ उमटते, तेव्हा हेही सांभाळायचे.

आता प्रत्यक्ष अंथरणे. आधी वर काय आहे ते बघा. बऱ्याच घरांत जुनी ५० किंवा १०० मिलिमीटरची लोकर असते. कोरडी असेल तर राहू द्या, तिच्यावरच भर घाला. ओली किंवा उंदीर-खारींनी घाण केलेली असेल तर काढून टाका. सुटे, चमकदार, करडे-तपकिरी खडे पसरलेले दिसले तर हात लावू नका, तो व्हर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता अडवायला वापरलेले एक खनिज, असू शकतो आणि त्यात ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. ब्रिटनमध्ये ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, म्हणजे त्याआधीच्या घरात पाइपांवरची जुनी लेपणीसुद्धा संशयास्पद. नमुना तपासून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. वटवाघळांची विष्ठा दिसली तरी थांबा. १९८१ च्या कायद्याने त्यांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागेला संरक्षण आहे, त्या वेळी ती तिथे नसली तरी.

तुळया साधारण १०० मिलिमीटर उंच असतात. पहिला थर १०० मिलिमीटरचा, तुळयांच्या मधे, दाबून न बसवता. दुसरा १७० मिलिमीटरचा, तुळयांना काटकोनात आडवा, म्हणजे लाकडावरूनही उष्णता निसटत नाही. गुंडाळ्या बहुतेक ११४० मिलिमीटर रुंद असतात आणि ५७० चे दोन किंवा ३८० चे तीन तुकडे व्हावेत म्हणून त्यांना अर्धवट काप दिलेले असतात. त्यामुळे तुळयांमधले अंतर आधी मोजा. जुन्या व्हिक्टोरियन घरात हे अंतर दर खणाला वेगळे निघते, तिथे लांब दाताची सुरी लागते. कापताना २० मिलिमीटर जास्तच ठेवा. तुकडा तंग बसला तर कडेला फट राहत नाही. ४० चौरस मीटरच्या माळ्याला तुळयांची जागा वजा जाता पहिल्या थराला साधारण ३५ चौरस मीटर लोकर लागेल, दुसऱ्याला पूर्ण ४०. एका गुंडाळीत किती चौरस मीटर होतात ते पाकिटावर छापलेले असते आणि कंपनीगणिक बदलते, म्हणून दुकानात ‘दहा गुंडाळ्या द्या’ असे सांगू नका.

पाय नेहमी तुळयांवर आडव्या टाकलेल्या फळीवर. मधला प्लास्टरबोर्ड जेमतेम ९.५ ते १२.५ मिलिमीटरचा असतो. त्यावर पाय पडला की तो थेट खालच्या बेडरूममध्ये निघतो. चांगला धूळ-मास्क (एफएफपी३), चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे हवेत. काम उन्हाळ्यात काढू नये, तेव्हा तिथल्या माळ्यावर आपल्याकडच्या एप्रिलची आठवण येते.

विजेबाबत हयगय नको. अर्ध्या मीटरहून अधिक लांबीची वायर सर्व बाजूंनी लोकरीत गाडली गेली तर तिची वहनक्षमता निम्मी धरतात. दिव्यांच्या वायरींना सहसा काही होत नाही, पण विजेच्या शॉवरची वायर ४० अँपिअरच्या आसपास वाहून नेते, ती लोकरीवरून मोकळी न्यावी. छतात खोचलेल्या दिव्यांवर लोकर थेट टाकू नये. त्यासाठी टोप्या मिळतात, आणि त्या दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे छोटे डबे, लोकरीवर ठेवायचे. पॉलिस्टायरीनचे मणी किंवा तक्ते पीव्हीसी वायरीला टेकले तर वायरीचे आवरण हळूहळू कडक होऊन तडकते, म्हणून ते टाळलेलेच बरे.

पाण्याची टाकी वर असेल तर तिच्या बाजूंना आणि झाकणावर लोकर हवी, बुडाखाली नको. खालून थोडी ऊब मिळाली तर ती गोठत नाही. माळ्यातला प्रत्येक पाइप, वाकणांसह, फोमच्या नळीत घालावा. नेमका एखादा कोपर सुटतो आणि तिथेच बर्फ होऊन पाइप फुटतो. कळते मात्र बर्फ वितळल्यावर, छतातून पाणी आले की.

माळ्यावर चढायच्या वाटेवरच्या झाकणाकडे कुणी बघतच नाही. ते माळ्याच्या जेमतेम एक टक्का, पण नुसत्या प्लायवुडचे असेल तर बाकीच्या सगळ्या लोकरीतून जेवढी उष्णता जाते तिच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढी त्यातून जाते, आणि कडेने दमट हवा चढते ती वेगळीच. पाठीवर १०० मिलिमीटरचा कडक फोम-तक्ता चिकटवा, चौकटीला रबरी पट्टी लावा आणि झाकण त्या पट्टीवर घट्ट दाबले जाईल अशी कडी बसवा.

मग प्रश्न येतो सामानाचा. आपल्याकडे माळा म्हणजे गणपतीचे मखर, रिकाम्या बॅगा, मिक्सरचे खोके आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले सगळे. २७० मिलिमीटर लोकर दाबून तिच्यावर फळ्या ठोकल्या तर जाडी १०० वर येते आणि केलेला खर्च वाया जातो. तुळयांना स्क्रूने बसणारे सुमारे ३०० मिलिमीटरचे खांब मिळतात, त्यांच्यावर फळ्या टाकाव्यात. पण वजनाचे भान ठेवा. कारखान्यात बनवलेल्या त्रिकोणी कैच्यांच्या छपरांत माळ्यासाठी चौरस मीटरला सुमारे २५ किलो एवढाच भार धरलेला असतो. विमानात चढवतो तशी २३ किलोची एक भरलेली बॅग ठेवली की तेवढ्या जागेचा कोटा संपला. या कैचीतली एकही पट्टी कापू नये, जागा कितीही अडली तरी.

फवारायच्या फोमबद्दल स्पष्टच लिहितो. दारावर येऊन किंवा फोन करून, विशेषतः ज्येष्ठांना, ‘वाशांवर फोम मारला की कटकट संपली’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. फोमने वासे झाकले गेले की लाकूड कुजतेय का हे तपासता येत नाही, आणि अडकलेला ओलावा त्या कुजण्याला हातभारच लावतो. कर्ज देणाऱ्या अनेक संस्था अशा घरावर कर्ज द्यायला नाखूश असतात. मग घर विकताना तो फोम खरवडून काढण्याचा खर्च मारण्याच्या खर्चापेक्षा जास्त येतो. माळ्याची राहायची खोली करायची असेल तेव्हाच वाशांना उष्णतारोधन द्यावे, तेही इमारत-नियमांची मंजुरी घेऊन आणि हवेची वाट ठेवून.

पैशांविषयी थोडे. साहित्य आणि मजुरी एकाच ठेकेदाराकडून घेतली तर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये ३१ मार्च २०२७ पर्यंत यावर व्हॅट शून्य आहे. स्वतः दुकानातून लोकर आणली तर २० टक्के भरावा लागतो. अनुदानाच्या योजना वरचेवर बदलतात, तेव्हा एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न जाता आपल्या कौन्सिलकडे विचारावे आणि ट्रस्टमार्क (सरकारमान्य दर्जा-योजना) नोंदणी असलेलाच ठेकेदार घ्यावा. भाड्याने राहणाऱ्यांनी घराचे ऊर्जा प्रमाणपत्र मागावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते किमान ‘ई’ श्रेणीचे असल्याशिवाय, नोंदलेली सूट सोडल्यास, घर भाड्याने देता येत नाही. सर्वांत वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी माळा कुणाच्या मालकीचा, हे भाडेपट्ट्यात आधी वाचावे. बहुतेकदा तो आपला नसतो.

काम झाल्यावर पहिल्या कडक थंडीच्या सकाळी टॉर्च घेऊन वर जा. फेल्टमधून खाली आलेल्या खिळ्यांची टोके बघा. दव सर्वांत आधी तिथे धरते. पाऊस नसताना सगळीकडे सारखे थेंब असतील तर ती गळती नव्हे, घरातली वाफ आहे. कौलवाल्याला बोलावू नका, लोकरही काढू नका. ज्या भागात थेंब जास्त त्याच्या खालच्या खोलीत फट शोधा, बाथरूमच्या पंख्याचा नळ तपासा, आणि वळचणीतून उजेडाची बारीक रेघ दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर कडेची लोकर हवेची वाट मोकळी होईल एवढीच मागे घ्या.

आपला,
एक वाचक, लेस्टर (ब्रिटन)