खानापूरच्या सुतारमामांना, अघनाशिनीच्या खाडीवरून

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "दार बसलं, मजुरी मिळाली, आता आभार कसले मानायलीस", म्हणून मुद्दाम सगळ्यांदेखत लिहायलेय. खानापुरात तुम्हाला दारं-खिडक्या, देव्हारे आणि बैलगाडीची दुरुस्ती करणारे म्हणून ओळखतात, पण तिकडं कुमट्याच्या बाजूला खाडीत तुमच्या हातच्या, पाणी अडवणाऱ्या लाकडी दाराच्या दोन झडपा उभ्या आहेत आणि त्यांच्यामुळं पाखरांना बसायला जागा झालीय, हे आपल्या भागात कुणालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी इकॉलॉजिस्ट आहे, अघनाशिनी नदी समुद्राला मिळते त्या खाडीत पाखरांसाठी बिघडलेली जागा परत नीट करायचं काम करते. ही नदी सिरसीकडं उगवते, उंचळ्ळीला मोठी उडी घेते आणि समुद्रापर्यंत जाते, वाटेत एकही मोठं धरण नाही. आपल्या घटप्रभेला हिडकल आहे, मलप्रभेला नवीलुतीर्थ आहे, शेजारच्या काळी नदीला तर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी एकाखाली एक धरणं, अघनाशिनी मात्र अजून मोकळी वाहते, त्यामुळं घाटावरचा गाळ आणि पावसाचं गोडं पाणी खाडीपर्यंत पोचतं, त्या गाळात शिंपले, किडे, बारके खेकडे वाढतात, माणसांचंही पोट त्याच्यावर आणि पाखरांचंही. 2024 साली ही खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत.

आता पाखरांचं. पावसाळा संपता संपता चिखले यायला लागतात, लडाख-तिबेटच्या उंच माळांवर अंडी घालणारी ही पाखरं, पन्नास-साठ ग्रॅम वजन, आणि हिमालय ओलांडून इथं येऊन थंडी काढतात. त्यांच्यासोबत तुतवार, पाणटिवळे, कोरल. ओहोटीला चिखल उघडा पडला की ही सगळी तिथं चरतात, तेवढं सगळ्यांना दिसतं, फोटो पण त्याचेच निघतात. पण भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, दिवसातून दोनदा, आणि तेवढा वेळ ह्या पाखरांनी जायचं कुठं? त्यांना पोहत बसता येत नाही, झाडावर बसायची त्यांची रीत नाही, त्यांना पाहिजे उघडी सपाट जागा, जिथून कुत्रं किंवा घार लांबूनच दिसेल, आणि पायाखाली अगदी उथळ पाणी. ती जागा नसली की ती हवेत घिरट्या घालत राहतात, आणि चरून कमावलेली चरबी तिथंच जळून जाते, उन्हाळ्याच्या तोंडावर परत तिबेट गाठायचं असतं ते त्याच चरबीवर. खाडी वाचवायची म्हणजे नुसता चिखल वाचवून भागत नाही, भरतीचे हे तास पण वाचवावे लागतात, आणि याच्याकडं लक्ष फार कमी लोक देतात.

ही जागा पूर्वी होती, गजनीत. गजनी म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतं, तिथं कग्गा नावाचं भात पिकायचं, खारं पाणी सोसणारं आणि पुरात पण तग धरणारं. भात कापलं की पाणी आत घ्यायचे, कोळंबी-मासळी धरायचे, आणि त्याच उथळ पाण्यात भरतीच्या वेळी पाखरं येऊन बसायची. नंतर बऱ्याच गजन्या पडीक पडल्या. आम्ही ज्या गजनीत काम करायलोय तिथं बांधाच्या तोंडाला कधीतरी लोखंडी दार बसवलेलं, ते गंजून मोडलं, मग लोकांनी नाइलाजानं वाळूची पोती रचून तोंड बंद केलं. पावसात आत कमरेएवढं पाणी साचून कुजायचं, उन्हाळ्यात वरती मिठाची पापडी. पाखरू एक येईना. पोती काढून टाका म्हणणारे होते, पण नुसती काढली तर उधाणाला सगळी खाडीच आत शिरणार आणि पलीकडच्या ज्या तीन घरांची शेती अजून चालू आहे त्यांचं भात जाणार. पाहिजे होतं असं दार जे भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटेल, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं आपोआप उघडेल, आणि आत किती पाणी ठेवायचं ते आपल्या हातात राहील.

एका वर्कशॉपनं परत लोखंडाचंच कोटेशन दिलं, दुसऱ्यांनी फायबर सांगितलं, त्याला पैसे नव्हते. गावातली लाकडी दारं करणारी म्हातारी माणसं गेली, पुढं कुणी शिकलं नाही. मी सुट्टीला घरी आले होते तेव्हा आत्याच्या सोप्याची चौकट बदलायला तुम्ही आलेला, मी सहज मोबाईलवर फोटो दाखवला. तुम्ही चहा तसाच ठेवून तासभर मला प्रश्न विचारलेत मामा. पाणी खारं किती दिवस, गोडं किती दिवस? खालचा दगड जांभा की काळा? दार दिवसातून किती वेळा हलणार? लाकूड पोखरणारा किडा आहे काय तिथं? ह्या शेवटच्या प्रश्नाला मी गप्पच झाले, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक शिंपल्याच्या जातीचा प्राणी असतोच, होड्यांचा तो जुना वैरी, आणि समुद्रापासून एवढ्या लांब राहणाऱ्या माणसानं तो विचारावा!

मत्तीचंच लाकूड पाहिजे, म्हणजे ऐन, हे तुम्हीच ठरवलंत. गोव्यात खाजनांच्या, म्हणजे तिकडच्या खाऱ्या शेतांच्या, मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, पण मत्तीच वापरतात हे मी वाचलेलं होतं, तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं, तुम्ही विहिरीवरच्या आणि ओढ्यातल्या जुन्या लाकडांवरून सांगितलंत. नवीन झाड तोडायला तुम्ही नाही म्हणालात आणि पाडलेल्या एका जुन्या घराच्या तुळया शोधून आणल्यात, "हे लाकूड वाळून वाळून शहाणं झालंय, आता दगा देणार नाही" म्हणालात. लोखंडी बिजागरी अजिबात घेतली नाही, लाकडाचाच खुंट लाकडाच्याच खळग्यात फिरतो. पाण्यात लाकूड फुगणार म्हणून दोन झडपांमध्ये किती सूत जागा सोडायची यावर तुमचं आणि तुमच्या भाच्याचं दोन दिवस चाललेलं मी ऐकलंय. आणि चंदगडच्या काजू फॅक्टरीतून टरफलांचं तेल आणून त्याचे हात दिलेत, त्या तेलानं कातडी भाजते, मामींनी मला तुमचे हात दाखवले, तुम्ही खिशात घातलेत. ते हात मी विसरणार नाही मामा.

टेम्पोतून आरबैल घाट उतरून आलात तेव्हा तुम्ही पहिल्यांदा एवढ्या जवळून भरती-ओहोटी बघत होता असं म्हणालात, पण अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली उतरतं, काम तेव्हाच करायचं, हे एकदा सांगितल्यावर परत सांगावं लागलं नाही. मांडीएवढ्या चिखलात उभं राहून चौकट ओळंब्यात घेतलीत. गावातली माणसं कन्नड आणि कोंकणी बोलणारी, तुम्ही त्यांच्याशी आपल्या बेळगावी कन्नडात बोलायलात, आणि पाणी परत चढायच्या आत त्यातले निम्मे जण तुमच्या हाताखाली दोर ओढत होते. इतके महिने मी मीटिंगा घेऊन जेवढी माणसं जमवली नव्हती तेवढी तुमच्या रंध्याच्या आवाजानं जमली.

पण खरं सांगायचंय ते आतल्या फळ्यांचं. झडपांच्या मागं चौकटीला तुम्ही खाचा पाडल्यात आणि त्यात एकावर एक बसणाऱ्या आडव्या फळ्या दिल्यात, वरची फळी काढली की पाणी तेवढंच उतरतं. मी तुम्हाला सेंटीमीटरमध्ये आकडे देत होते, कुठल्या पाखराचे पाय किती लांब त्याचा तक्ता केलेला होता. तुम्ही तो बघितलात आणि म्हणालात बोटं सांग. मग शेकाट्याला चार बोटं पाणी बाधत नाही, चिखल्याला एक बोट बास, असं आपण बसून ठरवलं आणि तुम्ही त्या मापाच्याच फळ्या केल्यात. आज ती गजनी सांभाळणारी घरची बाई कुठलाही तक्ता न बघता सांगते, आज उधाण आहे, एक फळी काढते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, परत लावते. मला जे समजवायला जमलं नसतं ते तुमच्या फळीनं समजावलं. कुठल्याही रिस्टोरेशनमध्ये हेच अवघड असतं, आम्ही निघून गेल्यावर ते कोण चालवणार आणि कशाच्या जोरावर, आणि इथं त्याचं उत्तर तुमच्या बोटांच्या मापात निघालं.

पहिला पावसाळा दार टिकलं. पाऊस ओसरल्यावर फळ्या लावून पाणी उथळ केलं, आणि चिखले आले मामा. भरती चढायला लागली की खाडीवरून थव्यानं उठतात, एकदम सगळे वळतात तेव्हा पांढरी पोटं चमकतात, आणि सरळ गजनीत उतरून वाऱ्याकडं तोंड करून एका पायावर उभे. पाठोपाठ शेकाटे आले, काही सुरय पण बांधावर बसल्या. शेजारच्या तिन्ही घरांचं भात पण सुखरूप कापून झालं, आणि त्या घरांनी कापणीनंतर स्वतःहून विचारलं की आमच्या तोंडाला पण असंच दार होईल काय.

त्या दाराचं माप सोबतच्या कागदावर आहे. पण एवढंच नाही, गावातली दोन पोरं शिकायला तयार आहेत, एकजण होड्या दुरुस्त करतो, त्याला लाकूड कळतं. मला वाटतं त्यांनी पंधरा दिवस तुमच्याकडं येऊन राहावं, खर्चाचं आमच्याकडून बघते, तुम्ही मजुरी सोडून शिकवणार म्हणून त्याचे पैसे वेगळे, आणि ह्या वेळी तुम्ही ते परत करायचे नाहीत. तुमच्या वहीतली ती मापांची पानं तेवढी झेरॉक्स करून ठेवा, मधलं पान सुटं झालंय. पोरं ह्याच आठवड्यात फोन करतील, कन्नडातच बोलतील. आणि माघात मामींना घेऊन या, घरची बाई तुमची वाट बघायलीय, तिनं कग्ग्याचे तांदूळ राखून ठेवलेत.

तुमची,
वरच्या गल्लीतली भाची