पंपाचं दूध ओतू नकोस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास त्याचं काही नाही. ओलं बाळंतपण आहे, चिडचिड होणारच. पण ब्रेस्ट पंपाने काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं तुझं दूध खरंच सिंकमध्ये ओतलंस का गं?

तू ज्याने घाबरलीस तो तुमच्या कॅनडातला 2019चा अभ्यास मी वाचला. 393 आया, पंपाच्या दुधात बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे बाळाच्या पोटाला चांगले जंतू, कमी. बरं. पण नमुने कसे घेतले ते पाहिलंस? आयांनी घरीच काढलेलं दूध, निर्जंतुक पद्धतीने नाही. मग त्यातलं दुधातलं किती, त्वचेवरचं किती आणि पंपातलं किती? अमेरिकेत त्याच बायकांनी एकदा स्वतःचा पंप वापरला, एकदा निर्जंतुक भाग लावून. स्वतःच्या पंपाच्या दुधात जंतू जास्त वाढले. बाई तीच! शिवाय असल्या अभ्यासात जंतू त्यांच्या डीएनएवरून ओळखतात. दुधात ते मुळात थोडे, म्हणून डीएनए काढायच्या किटमधल्या जंतूंचा डीएनएसुद्धा निकालात घुसतो. त्यातले जिवंत कुठले, मेलेले कुठले, तेही नुसत्या डीएनएवरून कळत नाही.

झालं माझं लेक्चर सुरू. बाबा म्हणतातच, रिटायर झाली तरी हिची लॅब सुटत नाही. काय करू? छातीत गळू झालेल्या बायकांचं दूध तपासायला यायचं, कधी औषधाच्या रिकाम्या बाटलीत, कधी चक्क वाटीत. मी परत पाठवायचे. हात धुवा, छाती पुसा, पहिले थेंब टाकून द्या, मग या डबीत. तरी जंतू वाढवायच्या प्लेटवर स्टॅफच्या, म्हणजे त्वचेवरही राहणाऱ्या जंतूंच्या, पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलनी यायच्याच. रिपोर्ट लिहिताना पेन अडायचं, हे दुधातलं की बोटावरचं?

तू झालीस तेव्हा तर निरोगी आईचं दूध निर्जंतुकच, असं आम्ही धरून चालायचो. 2003 मध्ये स्पेनच्या लोकांनी त्यात लॅक्टिक आम्लाचे जंतू दाखवले, तोवर तू चौथीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात आली होतीस. त्याच जंतूंच्या दुधावर, बरं का.

पंप गरम साबणाच्या पाण्याने धू, खडखडीत वाळव. जमेल तेव्हा अंगावर पाज, नाही तर पंपाचं दे. पण दे. ओतलंस का, हे पुन्हा विचारायचं नव्हतं. विचारलंच. रात्री तीनला एकटी बसून असलं वाचतेस, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

तुझी,
आई

ता. क. अळीव नंदूमावशीच्या सुहासबरोबर पाठवतेय. चिकूचं वजन ग्रॅममध्ये कळव, 'छान वाढतोय' नको.