शुक्रवारी संध्याकाळी फोन करणाऱ्या ताईला

एडिसन, न्यू जर्सी
जुलै २०२०

प्रिय ताई,

वयाने तू माझ्या धाकट्या पुतणीएवढी असशील, तरी ताईच म्हणतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमदाराच्या कार्यालयात आपलं मराठी बोलणारी मुलगी बसते आणि ती फोन उचलते, एवढं कळलं तरी उद्या आपल्या देशी दुकानांचा अख्खा ओक ट्री रोड तुझ्या टेबलापुढे रांग लावेल.

बेरोजगारी भत्त्याचे पैसे आले. मागच्या सगळ्या आठवड्यांचे, एकदम. बायकोने बँकेचं ॲप उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि मग काही न बोलता कुकर लावायला गेली. तुला फोनवर 'थँक्यू' म्हणालो, पण घसा असा दाटला होता की धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी लग्नांचे फोटो काढतो. स्वतःचा स्टुडिओ नाही, कुणाच्या पगारावर नाही. कधी थेट यजमानांचं काम, कधी मोठ्या स्टुडिओचा दुसरा कॅमेरा म्हणून. वर्ष संपलं की स्टुडिओकडून कमाईचा १०९९ फॉर्म हातात पडतो, बस. उन्हाळ्यातली लग्नं ही आमची सुगी. २१ मार्चला कोरोनामुळे गव्हर्नरांनी सगळ्यांना घरी बसायला सांगितलं, आणि मग वधूपित्यांचे फोन सुरू झाले. तारीख पुढे ढकलली, हॉल रद्द झाला, ॲडव्हान्स परत द्या. दिले. ज्यांच्या घरात एवढं मोठं कार्य मोडलं, त्यांच्याशी काय भांडायचं? मे उजाडेपर्यंत मी रोज सकाळी लेन्सा पुसत होतो, बॅटऱ्या चार्ज करत होतो आणि मोठी लेन्स विकायला काढली तर किती येतील ते बघत होतो.

आमच्यासारख्यांना बेरोजगारी भत्ता नसतोच, हे आम्ही गृहीत धरलेलं. इथे न्यू जर्सीत नोकरदाराच्या पगारातून त्या विम्यासाठी पैसे कापले जातात, मालकही भरतो. आम्ही नाही भरत. आमचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला जातो. म्हणून २७ मार्चला सही झालेल्या केअर्स कायद्यात, म्हणजे कोरोनाच्या मदतीच्या कायद्यात, स्वतःच्या कामावर जगणाऱ्यांनाही वेगळी मदत ठेवली आहे, यावर माझा विश्वासच बसेना. खात्री करायला आमच्या अकाउंटंटना विचारलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे टॅक्स देतोय, दिवाळीला त्यांच्या घरी डबा जातो. ते म्हणाले, "तुम्ही सेल्फ-एम्प्लॉइड, तुम्हाला कसलं अनएम्प्लॉयमेंट?" कायद्याला तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते. नंतर त्यांनी माझे फोन घेणं सोडलं. बिल मात्र वेळेवर आलं.

दुसरे आपले ग्रुपवरचे थोर लोक. कुणीतरी भत्त्याचा विषय काढला, तर लगेच प्रवचन: "आपण कष्ट करायला आलोय, सरकारचं फुकट खायला नाही." हेच गृहस्थ आपल्या कंपनीसाठी पीपीपीचं, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी कर्ज, तेही माफ होणारं, मिळावं म्हणून पहिल्या दिवसापासून बँकेच्या मागे लागलेले. ते 'रिलीफ' आणि आमचं 'फुकट'. असो. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढलेत, त्यामुळे जास्त बोलत नाही.

मग तो अर्ज. त्याची गंमत अशी की आधी नेहमीच्या भत्त्यासाठी अर्ज करायचा, तो नामंजूर व्हायला हवा, तेव्हा कुठे आमच्यासाठीच्या योजनेचं दार उघडणार. आयुष्यात पहिल्यांदा मी नकाराची चातकासारखी वाट बघत होतो, आणि तो नकारही येत नव्हता. स्क्रीनवर 'पेंडिंग'. फोन लागत नव्हता. आता शांतपणे बघितलं तर कळतं की एका आठवड्यात दोन लाखांवर अर्ज आल्यावर काय होणार. एप्रिलमध्ये खुद्द गव्हर्नर मर्फी टीव्हीवरून कोबोल ही जुनी कॉम्प्युटरची भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना हाक मारत होते, कारण सरकारची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी. आपल्याकडचे अर्धे काका २००० सालच्या वायटूकेच्या वेळी त्याच कोबोलवर इथे आले आणि इथलेच झाले! आमच्या सोसायटीतले एक तर अर्ज करायला निघालेही होते, बायकोने बसवलं. पण हा शांतपणा आत्ताचा. तेव्हा रात्री छताकडे बघत पडायचो.

तुमच्या कार्यालयाचा नंबर कुणी दिला ते आता आठवतही नाही. फोन केला तेव्हा नेहमीचं उत्तर मिळेल असं धरून चाललो होतो. तू आडनाव ऐकलंस, क्षणभर थांबलीस आणि विचारलंस, "काका, मराठीत बोलू का? माझं थोडं तुटकं आहे." तुझं तुटकं मराठी ऐकून मला इथल्या माझ्याच मुलीची आठवण झाली. तू माहिती लिहून घेतलीस. मग विचारलंस, "तुम्ही काम काय करता?" तो प्रश्न फॉर्ममध्ये होता म्हणून विचारला असशील. पण मी सांगायला लागलो तर तू मध्ये तोडलं नाहीस. मंगलाष्टकं संपतात तेव्हा अक्षता नेमक्या लेन्सवर कशा येतात, हे मी एका सरकारी फोनवर सांगत होतो आणि तू हसत होतीस.

खरी गोष्ट मात्र त्यानंतरच्या शुक्रवारची.

संध्याकाळ झाली होती, ऑफिसं सुटायची वेळ. मी स्वयंपाकघरात फरशीवर टॅक्सचे कागद मांडून बसलो होतो. धंद्याच्या हिशेबाचा टॅक्स फॉर्म शेड्यूल सी, बँकेची स्टेटमेंटं, रद्द झालेल्या लग्नांचे ईमेल छापून, एकेक गठ्ठा. फोन वाजला. तू म्हणालीस, "काका, आज काहीच झालं नाही. मी भत्त्याच्या ऑफिसला विचारलं, अजून उत्तर नाही. मी सोमवारी परत विचारते. तुम्ही वीकेंडला काळजी करत बसाल म्हणून फोन केला. मी विसरले नाहीये तुम्हाला."

ताई, सांगायला काही नसताना केलेला फोन! अख्ख्या वसंतात मला कुणी असा फोन केला नव्हता. ज्यांच्याकडे बातमी होती तेही गप्प, आणि तुझ्याकडे काही नसताना तू नंबर फिरवलास. शुक्रवारी, ऑफिस सुटताना. तुझ्या यादीत माझ्यासारखे किती असतील याची मला कल्पना आहे. रेस्टॉरंटवाले, ड्रायव्हर, मेंदीवाल्या, डीजे. प्रत्येकाला असा फोन करत असशील तर तू घरी कधी जातेस? त्या रात्री मी झोपलो. बायको म्हणाली, घोरलासुद्धा.

पुढचं सगळं कागदोपत्री, ते इथे लिहीत बसत नाही. तू कुठेतरी अडकलेली गाठ सोडवलीस, नकार आला, मग मंजुरी आली. आठवड्याला २३१ डॉलर आणि वर फेडरलचे ६००. ते ६०० जुलैअखेर थांबणार आहेत, पुढे वॉशिंग्टनमध्ये काय ठरेल ते ठरेल. घराचा थकलेला हप्ता भरला, लेकीच्या कॉलेजची तजवीज झाली आणि लेन्स घरातच राहिली.

सांगलीला माझा धाकटा भाऊ हाच धंदा करतो. त्याचीही एप्रिल-मेची लग्नं गेली. तिकडे नोकरी गेलेल्यांसाठी ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, योजना आहे, पण ती पगारी, विमा उतरलेल्या कामगारांसाठी. लग्नात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याची नोंद कुठल्या रजिस्टरात असणार? त्याला तुझी गोष्ट सांगितली. पैशांचा आकडा ऐकून तो गप्प बसला. फोनचं ऐकल्यावर मात्र म्हणाला, "सरकारी हाफिसातनं? स्वतःहून?" हे त्याने पुन्हा पुन्हा विचारलं.

मला वाटतं, माणसाला मदतीआधी एवढंच हवं असतं की आपला कागद कुणाच्या तरी टेबलावर आहे आणि त्या कुणाला आपण आठवतो. यासाठी वेगळं बजेट लागत नाही. आमच्या लहानपणी गावात एक पोस्टमन होते. मनीऑर्डर आली नसली तरी दारावरून जाताना थांबून सांगायचे, "आज नाही वहिनी, उद्या बघू." आई लगेच कामाला लागायची. नाहीतर दिवसभर ओट्यावर उभी.

लाडू पाठवले होते ते तू परत केलेस, 'काका, आम्हाला गिफ्ट घेता येत नाही' म्हणून. नियम आहे, मान्य. बायको अजून रुसली आहे. तिचं म्हणणं, डिंकाचे लाडू ही गिफ्ट नसते. तुझं लग्न ठरेल तेव्हा फोटो मी काढणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. फुकट चालत नसेल तर रीतसर बिल लावीन, एक डॉलरचं, टॅक्सही दाखवीन.

तुझ्या साहेबांना वेगळं पत्र धाडलंय, इंग्रजीत. तुझ्या पगाराचा विषय त्यात काढलाय, रागावू नकोस. आणि सोमवारी माझ्या एका मित्राचा फोन येईल. विमानतळावर लिमो चालवायचा, मार्चपासून घरी बसलाय, आमच्या त्याच अकाउंटंटकडे जाऊन आलाय. त्याचे कागद मी नीट लावून दिलेत. तो फार बोलतो, तेवढं सांभाळून घे.

तुझा,
फोटोवाला काका