शिट्टी घेऊन ये

परळ, मुंबई
18 ऑगस्ट

प्रिय सुमी,

परवा तू गणपतीचं विचारायला फोन केलास आणि मी 'रविवारी सराव आहे गं' म्हणून घाईघाईत ठेवला. कसला सराव, हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

आम्ही मुंबईत बायकांची रोलर डर्बीची लीग उभी करतोय. सध्या 19 जणी आहोत. सर्वांत लहान 22 वर्षांची, सर्वांत मोठी 47 ची. नाव अजून ठरलेलं नाही, त्यावरून दर रविवारी वाद होतात.

खेळ तुला लगेच कळेल, कारण तू कबड्डीत चढाई करायचीस. लंबगोल ट्रॅक, त्यावर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी, सगळ्या चार चाकांच्या स्केट्सवर. प्रत्येक संघात एक जॅमर, तिच्या हेल्मेटवर तारा असतो. बाकीच्या चौघी ब्लॉकर. जॅमरनं घोळक्यातून वाट काढून बाहेर पडायचं, फेरी मारून परत यायचं, आणि त्या खेपेपासून समोरच्यांच्या जितक्या ब्लॉकर मागे टाकेल तितके गुण. अशा एका डावाला जॅम म्हणतात. एक जॅम फार तर 2 मिनिटांचा, मग 30 सेकंद दम घ्यायचा, की पुढचा. असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग. जी जॅमर नियमात राहून आधी बाहेर पडते ती लीड, आणि तिला वाटेल तेव्हा ती दोन्ही हात कमरेवर आपटून जॅम थांबवू शकते. आपले चार गुण घ्यायचे आणि समोरची पोहोचायच्या आत खेळ बंद करायचा! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बोनस घेऊन मध्यरेषेवर हसत परतणारी तू मला दिसलीस, खरं सांगते.

फक्त आपली साखळी इथे चालत नाही. हात गुंफून भिंत केली की पेनल्टी, 30 सेकंद बाहेर बसायचं. हातानं धरायचं नाही, कोपर मारायचं नाही, डोक्याला आणि पाठीत धक्का द्यायचा नाही. खांदा, कंबर, मांडी एवढ्यावरच समोरचीला अडवायचं. सात पेनल्ट्या झाल्या की सामना संपला तुझ्यापुरता. पहिले दोन महिने माझा हात आपोआप शेजारणीच्या मनगटाकडे जायचा. इतक्या वर्षांनीसुद्धा हाताला आठवत होतं.

या खेळात टोपणनावं घ्यायची पद्धत आहे. कोपरखैरण्याहून येणारी एक जण आहे, कोपराच्या पेनल्ट्या सगळ्यांत जास्त तिच्याच. तिनं जर्सीवर 'कोपर-खैर-नाही' लिहून घेतलंय. माझ्या पाठीवर 'डावा कोपरा' आहे. त्याचा अर्थ इथे कुणालाच कळत नाही, तुला कळेल.

हा खेळ 1935 मध्ये शिकागोत लिओ सेल्त्झर नावाच्या माणसानं सुरू केला, आणि पहिल्या दिवसापासून त्यात पुरुषांच्या बरोबरीनं बायका होत्या. पुढे तो मागे पडला. 2001 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका आयोजकानं बायका जमवल्या आणि अर्ध्यात सोडून दिलं, तर त्याच बायकांनी हा खेळ स्वतः उभा केला. 2004 मध्ये अशा लीग एकत्र आल्या आणि त्यातून जागतिक संघटना झाली. मला यातली जी गोष्ट मनापासून पटते ती ही, की लीग खेळणाऱ्याच चालवतात. ट्रॅक आखायचा, पंच शोधायचे, हिशेब ठेवायचा, सगळं त्यांनीच. आपल्याला कॉलेजात मुलांच्या जुन्या जर्सी मिळायच्या, आणि सामना कुठे आहे हे आदल्या संध्याकाळी कळायचं. आठवतं?

जागेसाठी मात्र जीव मेटाकुटीला आला. एका संस्थेच्या सभागृहात सगळं जुळत आलं होतं, तोच तिथल्या एका गृहस्थांनी विचारलं, 'बायका पडल्या तर घरच्यांना उत्तर कोण देणार?' मला इतका संताप आला की रात्रभर झोप नाही. आता एका शाळेचं बास्केटबॉलचं मैदान मिळालंय, वर पत्रा असलेलं, म्हणून पावसातही सराव होतो. मैदान 28 बाय 15 मीटर, म्हणजे साधारण 92 बाय 49 फूट. आपला ट्रॅक 88 फूट लांब आणि जवळपास 55 फूट रुंद. लांबीला बसतो, रुंदीला सहा फूट कमी पडतात. तेवढी वळणं आम्ही आत घेतलीत, पूर्ण मापाची जागा मिळेपर्यंत.

ट्रॅक आखायला मला फार आवडतं. 35 फुटांवर दोन खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर एकीनं सुतळी अंगठ्यानं दाबून बसायचं, दुसरीनं साडेबारा फुटांवर खडू धरून अर्धवर्तुळ काढत जायचं. मग रेषेवर दोरी अंथरून वरून चिकटपट्टी मारायची. दोरी कशाला? खाली न बघता चाकाला हद्द कळावी म्हणून. पहिल्या दिवशी हे करायला आम्हाला तीन तास लागले, आता पाऊण तासात होतं.

स्केटिंग शिकवायला आलेल्या दोघी रोल बॉल खेळलेल्या. तो स्केट्सवरचा, आपल्या पुण्याचाच खेळ, राजू दाभाडे यांनी 2003 मध्ये काढलेला. पोरी वाऱ्यासारख्या पळतात, पण खांदा मारायची वेळ आली की आधी 'सॉरी ताई' म्हणतात.

आणि सुमी, पहिला महिनाभर आम्ही फक्त पडायला शिकलो. हेल्मेट, दातांचं गार्ड, कोपरांना, मनगटांना, गुडघ्यांना पॅड, एवढं घातल्याशिवाय ट्रॅकवर पाऊल नाही. एका गुडघ्यावर यायचं, अंग आवळून घ्यायचं आणि मुठी मिटायच्या. मुठी यासाठी, की मागून येणारीचं चाक बोटांवरून जाऊ नये. आमच्यात एक नर्स आहे, 41 वर्षांची. पहिला पाऊण तास ती भिंत सोडेना. मग अचानक सुटली, चार हात गेली आणि गुडघ्यावर आली. पॅडचं प्लॅस्टिक फरशीवर करकरत घसरलं, आणि ती तशीच मूठ मिटून बसून राहिली. आम्ही धावलो, तर ती म्हणाली, 'थांबा, लागलं नाही. काहीच लागलं नाही.' मग मुद्दाम उठून पुन्हा पडली. नंतर चहा पिताना सांगत होती, लहानपणी पटांगणात पडले तेव्हा आईनं आधी मारलं आणि मग हळद लावली, त्यानंतर आजच पडले.

मला तेव्हा तुझा गुडघा आठवला. तू खाली आलीस तो आवाज, टॅक्सीत माझ्या मांडीवर ठेवलेला तुझा पाय, आणि 'पुढच्या सामन्यापर्यंत होईल बरं' असं तूच मला समजावत होतीस. साधं पॅड कुणी दिलं नव्हतं आपल्याला. त्याची आपण कधी तक्रारही केली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि हे तुला मी कधी बोलले नव्हते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आपापसात पहिला सराव सामना खेळणार आहोत. खेळायला माणसं आहेत, बाहेर उभी राहायला नाहीत. स्केट्सवरचे पंचच सातपर्यंत असतात. शिवाय गुण लिहायला, पेनल्टीची वेळ मोजायला माणसं हवीत, आणि जॅम टायमर हवी. तिला स्केट्स लागत नाहीत, पळावं लागत नाही. जॅम सुरू करताना ती 'पाच सेकंद' म्हणून ओरडते आणि एक शिट्टी देते. लीड मिळाली की पंचांच्या दोन छोट्या शिट्ट्या, जॅम संपला की चार. सगळा खेळ तिच्या पहिल्या शिट्टीसाठी श्वास रोखून उभा असतो.

गुडघा गेल्यावर वर्षभर तू ज्युनिअर मुलींच्या सरावाला शिट्टी वाजवायचीस. मुली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असल्या तरी जागच्या जागी थांबायच्या. मग लग्न होऊन तू चिपळूणला गेलीस आणि मैदान सुटलं ते सुटलंच.

शाळेला सुट्टी लागली की चार दिवस ये. नियमांची प्रत मी पाठवते, मराठीत आम्हीच केलीय, तुझ्या गणिताच्या डोक्याला त्यात चुका दिसतील त्या लाल पेनानं दाखव. राहायला माझ्याकडे, वरच्या खोलीत पंखा नवीन बसवलाय. आणि ती पितळी शिट्टी अजून असेल तर घेऊन ये. नसेल तर कळव, मी लालबागहून आणून ठेवते.

भाऊजींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझीच,
विजू