द्वारकेहून आई-बाबांना

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगितलं असतं. पण आई, तू "बरं बरं" म्हणत फोन बाबांच्या हाती देतेस आणि बाबा नुसतं "हूं" म्हणतात. म्हणून लिहायला बसले.

नागपूरच्या बदलीचा अर्ज मी मागे घेतला. आणखी तीन वर्षं इथेच, द्वारकेत. पिंट्याची दहावी आहे, यांची नोकरी मिठापूरला, माझं प्रमोशनही आत्ताच झालंय. आणि नागपूरला आले असते तरी गावी महिन्यातून एकदाच येणं झालं असतं ना? दिवाळीला आले नाही तेव्हा बाबांचा आवाज कसा झाला होता, तो अजून कानात आहे. रागवा माझ्यावर, पण जेवण कमी करू नका.

तुमची दोघांची तिकिटं काढली आहेत. फेब्रुवारीची, तूर घरात आल्यानंतरची. बडनेऱ्याला ओखा गाडीत बसायचं ते थेट द्वारकेलाच उतरायचं. दोन्ही बर्थ खालचे आहेत. बाबा, वावर कोण पाहील हे विचारू नका, काकांशी बोलणं झालंय.

घर तळमजल्यावर आहे. कमोड आहे, गरम पाणी चोवीस तास, प्यायला फिल्टरचं. इथल्या वरणात गूळ असतो, पण ते हॉटेलात. घरी तुमचं तिखट आणि ज्वारीची भाकरच होईल. पीठ तेवढं तिकडून आणा, इथे बाजरीच जास्त.

बाबा, कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला तुम्ही मला खांद्यावर घ्यायचे आणि वर्धेच्या काठी उभं राहून सांगायचे, आपल्या रुक्मिणीनं इथूनच कृष्णाला पत्र धाडलं. भागवतात त्या पत्राचे ७ श्लोक आहेत, हे मला इथे आल्यावर कळलं. इथे पहिल्याच आठवड्यात मी तिचं देऊळ शोधत गेले. द्वारकाधीशापासून दोनेक किलोमीटर लांब, गावाबाहेर, एकटंच उभं. मला रडूच आलं. आपल्याकडची लेक एवढ्या लांब दिली आणि इथेही नवऱ्यापासून दूर!

कारण सांगतात ते असं. दुर्वास ऋषींना द्वारकेला आणायचं म्हणून दोघांनी त्यांचा रथ ओढला. वाटेत रुक्मिणीला तहान लागली. कृष्णानं पायाच्या अंगठ्यानं जमीन दाबून गंगा काढली, ती घोटभर प्यायली, पण आधी ऋषींना विचारलं नाही. झाला शाप, बारा वर्षांचा विरह आणि भोवतालचं पाणी खारं. म्हणून त्या देवळात आजही पाण्याचं दान करतात. आई, हे ऐकताना मला तूच दिसलीस. डोक्यावर गुंडी घेऊन वावरात यायचीस, वेचणीच्या बायांना, बाबांना, मला पाजून झाल्यावर उरलं तर स्वतः प्यायचीस. तुझ्या हातून चुकूनही असा शाप लागला नसता.

मुख्य मंदिरात गोमती घाटाकडून ५६ पायऱ्या आहेत. तिकडून जायचं नाही, गुडघ्याचं लक्षात ठेवा. बाजाराकडच्या मोक्षद्वारानं जाऊ. शिखरावरची ५२ गजांची ध्वजा बदलायला माणूस पार वर चढतो, ते खाली बसून निवांत पाहू. बेट द्वारकेला पूर्वी नावेतून जावं लागे. आई, नावेचं नाव काढलं की तुझे हातपाय गार पडतात, म्हणून मुद्दाम सांगते, २०२४ पासून सुदर्शन सेतू झालाय, सव्वादोन किलोमीटरहून लांब. गाडीतून भुर्रकन जाऊ.

आणि बाबा, कृष्ण गेल्यावर नगरी समुद्रात बुडाली म्हणतात ना, तिचा शोध पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९८३ पासून समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांकडून घेतला. तिथे दगडी नांगर सापडले. आपल्या वावरातला नांगर नव्हे, जहाजाचा. तिकोनी दगड, त्याला तीन भोकं. ते नेमके किती जुने, यावर जाणकारांचं एकमत नाही. तुमचं काय मत होईल, हे मला ऐकायचंय.

आता सांगते ते नीट ऐका. साखरेच्या गोळ्या पर्समध्ये, पेटीत नाही. रात्री स्टेशनावर पाणी भरायला बाबांनी उतरायचं नाही म्हणजे नाही. चादर, स्वेटर वरच्या पिशवीत. निघण्याआधी तिवशाच्या डॉक्टरांना दाखवून रिपोर्ट मला पाठवा. सांडगे-पापडाचं ओझं करू नका. बरं, थोडे सांडगे आण, आई.

तू अजून समुद्र पाहिला नाहीस. गोमती जिथे समुद्राला मिळते, तिथे तुला हात धरून नेईन, जशी तू मला पुरात वर्धा दाखवायला न्यायचीस.

आणखी एक. येण्याआधी कौंडण्यपूरला जाऊन वर्धेचं बाटलीभर पाणी घ्या. रुक्मिणीच्या देवळात द्यायचंय, तिच्या माहेरचं. बाटलीचं बूच घट्ट लावा आणि वर फडकं बांधा, नाहीतर गाडीत सांडेल.

तुमची,
बेबी